माळ्यावरचा ३८६ आणि तीन बीप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी १९९३ साली घेतलेला ३८६ डीएक्स (८०३८६ प्रोसेसरचा) संगणक चिपळूणच्या घरात माळ्यावर १९९९ पासून गुंडाळून ठेवलेला होता. २०२१ च्या पुराचं पाणी तिथवर चढलं नाही. आता तो खाली उतरवून तुम्ही दोनदा चालू करून पाहिलात. पंखा फिरतो, तीन बीप वाजतात आणि पडदा काळाच राहतो. आत वडिलांनी जिस्ट कार्डावर (डॉसवर भारतीय लिप्या उमटवणाऱ्या कार्डावर) मराठीत टाइप केलेला घराण्याचा वृत्तांत आणि देवस्थानचे हिशेब आहेत. एका दुकानदारानं रॅम, म्हणजे मेमरी, गेल्याचं सांगितलं, तेव्हा ३० पिनांची रॅम कुठे मिळेल, असं तुम्ही विचारताय.

रॅम शोधू नका. आणि कृपा करून तिसऱ्यांदा बटण दाबू नका. भिंतीतला प्लग काढून ठेवा आणि मग पुढचं वाचा.

मी १९८९ पासून ही यंत्रं उघडतोय. आधी पोटासाठी, आता हौसेनं. माझा अनुभव असा, की माळ्यावर पडून जे बिघडतं ते बहुतेक वेळा दुरुस्त होतं. खाली उतरवल्यावर उत्साहाच्या भरात पहिल्या तासात आपण जे बिघडवतो, ते बरेचदा होत नाही. पंचवीस वर्षं वाट पाहिलेलं यंत्र आणखी पंधरा दिवस थांबेल.

आधी बीपचं बघू. बीप वाजली ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे. प्रोसेसर जिवंत आहे, बायोसची (चालू होताना यंत्र तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) चिप वाचली जातेय, पाच व्होल्टचा पुरवठा निदान कामापुरता येतोय, असा तिचा अर्थ. खरा मेलेला मदरबोर्ड मुका असतो. त्या काळच्या असेंबल्ड ३८६ मध्ये बहुधा एएमआय कंपनीचा बायोस असायचा (चिपवरच्या स्टिकरवर नाव बघून खात्री करा), आणि एएमआयच्या भाषेत तीन आखूड बीप म्हणजे मेमरीच्या पहिल्या ६४ किलोबाइटची चाचणी नापास. बायोस मेमरीत एक आकडा लिहितो आणि परत वाचतो. लिहिलेला आकडा परत आला नाही, एवढंच तो सांगतो. मनीऑर्डर परत आली म्हणून घेणारा वारला असं होत नाही. मधला पूल वाहून गेलेला असू शकतो. दुकानदारानं घेणाऱ्याचं श्राद्ध घातलं, पूल बघितलाच नाही.

आणि तुमच्या बोर्डावर पूल कुणी खाल्ला असेल, याचा माझा अंदाज जवळजवळ पक्का आहे. संगणकाची केस उघडा. कीबोर्डची गोल पाच पिनांची सॉकेट जिथे आहे त्याच्या आसपास करंगळीच्या पेराएवढी, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली नळकांड्यासारखी बॅटरी दिसेल. तिच्यावर ३.६ व्होल्ट आणि बहुधा ६० एमएएच लिहिलेलं असतं. ही निकेल-कॅडमियमची, चार्ज होणारी बॅटरी. बंद संगणकात तारीख-वेळ आणि सेटिंग टिकवणं हे तिचं काम. पाच-सात वर्षं पडून राहिली की ती फुटते आणि आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हळूहळू बोर्डावर पसरतं. टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर समजा सुरुवात झाली. नुसती भुकटी दिसणं हा सौम्य प्रकार. खरा उपद्रव असा, की हा क्षार बोर्डाच्या हिरव्या रंगाखालून तांब्याच्या रेघांमधून सरकत दोन-तीन इंच पुढे जातो, आणि वरून बोर्ड चकचकीत दिसतो. २८६, ३८६ आणि ४८६ चे जेवढे बोर्ड या बॅटरीनं मारलेत, तेवढे विजेच्या झटक्यांनी मारले नसतील.

बॅटरी काढायच्या आधी मोबाइलनं जवळून फोटो घ्या. प्लस कुठल्या बाजूला होतं हे नंतर कुणालाच आठवत नाही. मग कटरनं दोन्ही पाय कापून ती बाहेर काढा. ओल्या कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी असतं. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. हातमोजे घाला.

आता धुणं. गळती अल्कलीची आहे, म्हणून तिला आम्ल लागतं. किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर जुन्या टूथब्रशनं लावा. फेस येईल, येऊ द्या. दहा मिनिटांनी बॅटरीच्या पाण्याच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी भरपूर ओतून धुवा आणि शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. लिंबू चालेल का, असं मला हमखास विचारतात. लिंबातलं आम्ल काम करतं, पण रसातली साखर आणि गर मागे राहतो. मुंग्यांना आमंत्रण कशाला. पूर्वी टीव्ही दुरुस्त करणारे सीटीसी (कार्बन टेट्राक्लोराइड) वापरायचे. कुणाच्या कपाटात जुनी बाटली सापडली तरी ती वापरू नका, यकृताला फार वाईट. धुतलेला बोर्ड पंख्याखाली उभा करून दोन दिवस ठेवा. तुमच्याकडे पावसाळा असेल तर चार दिवस. कडक उन्हात नको, आणि हेअर ड्रायरची घाई तर नकोच.

इथे माझी एक फजिती सांगतो, कारण ती तुमच्याच बिघाडाची आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचा ३८६ माझ्याकडे आला. तीन बीप. मी अनुभवी माणूस, म्हणून न बघता रॅम बदलली. तीन बीप. दुसरा संच लावला, तोही चालणाऱ्या बोर्डावरून काढून. तीन बीप. तिसऱ्या संचासाठी लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो, एक दिवस आणि एसटीचं भाडं घालवलं. शेवटी रात्री भिंग घेऊन बसलो, तेव्हा बॅटरीपासून अडीच इंचांवर, रॅमच्या सॉकेटकडे जाणारी एक रेघ हिरव्या रंगाखाली काळसर दिसली. सुईनं रंग खरवडला तर खाली तांबं नव्हतंच, नुसती काळी पूड. केसाएवढ्या वायरचा जंपर, म्हणजे जोड, मारला आणि यंत्र पहिल्या झटक्यात मेमरी मोजायला लागलं. तीन संच रॅम माझ्या टेबलावर तशीच, सगळी चांगली. तेव्हापासून माझ्या टेबलाचा नियम आहे: आधी मोजायचं, मग बदलायचं.

तुम्हालाही तेच करायचंय. मल्टिमीटर बझरवर लावा. बॅटरीच्या आसपासची प्रत्येक रेघ, जिचा रंग शेजारच्या रेघांपेक्षा गडद किंवा मळकट वाटतो ती, दोन्ही टोकांना तपासा. टोक म्हणजे चिपची पिन किंवा रेघ ज्या भोकात उतरते ते भोक. बझर वाजला नाही तर रेघ तुटलीय. वाजून-थांबून वाजला तरी ती तुटलेलीच धरा. कीबोर्ड कंट्रोलर ही ४० पायांची चिप बॅटरीच्या जवळच असते. ती सॉकेटमध्ये असेल तर अलगद काढून सॉकेटच्या पात्या बघा, हिरव्या पडलेल्या असतील. सॉकेट कुजली असेल तर नवी बसवावी लागेल, आणि ते काम पहिल्यांदा स्वतः करू नका. टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा, हाताला सवय असलेला माणूस गाठा. तुटलेली रेघ जोडायला इनॅमलची पातळ वायर, चांगला फ्लक्स आणि बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. कुजलेल्या तांब्यावर डाख बसत नाही, गोळी होऊन घरंगळतो. तांबं लालसर चमकेपर्यंत खरवडा.

मग रॅम. तुमच्या ३८६ डीएक्सचा डेटा बस (डेटा ने-आण करण्याचा रस्ता) ३२ बिटांचा आहे आणि ३० पिनांची एक पट्टी ८ बिटांची, म्हणून चार पट्ट्या मिळून एक बँक होते. चारांतल्या एका पट्टीच्या एका पिनेनं दगा दिला तरी सगळी बँक नापास होते आणि तुम्हाला ऐकू येतात त्याच तीन बीप. पट्ट्या काढा, कुठली कुठे होती ते पेन्सिलनं लिहा. सॉकेटचे दोन्ही बाजूंचे कान प्लास्टिकचे असतील तर ते ठिसूळ झालेले असतात. नखानं एकेक बाजूला सारा, पट्टी तिरकी होईल, मग उचला. ओढली की कान तुटला, आणि तुटलेल्या कानाची सॉकेट म्हणजे रबरबँडचा संसार.

खोडरबराबद्दल वाद आहेत, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. शाळेतला मऊ पांढरा खोडरबर चालतो. शाई खोडायचा निळा-खरखरीत खोडरबर म्हणजे पॉलिश पेपरच. सोन्याचा मुलामा आधीच नाममात्र असतो, तोही निघून जातो. आणि कुठलाही खोडरबर फिरवला तरी नंतर अल्कोहोलनं पुसायचंच, नाहीतर खोडरबराचा चुरा सॉकेटमध्ये जाऊन बसतो. सॉकेटच्या आतल्या पिनांसाठी जाड कागदाची अल्कोहोलमध्ये भिजवलेली पट्टी पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. कागदावर काळी रेघ उमटली की समाधान वाटतं. सॉकेटमधल्या बाकीच्या चिपाही अंगठ्यानं दाबून घ्या. तापणं-निवणं यांमुळे त्या वर्षानुवर्षं केसभर वर सरकत राहतात. दाबताना कर्र असा आवाज आला तर ती चिप बसलेली नव्हती.

आता वीजपुरवठा. हे बोर्डाच्या आधी लिहायला हवं होतं, पण तुम्ही दोनदा चालू केलंच आहे, म्हणजे तो आज तरी फुटलेला नाही. जुन्या एटी (त्या काळच्या पीसींच्या) सप्लायमध्ये एक गोष्ट आजच्या मुलांना ठाऊक नसते: पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात. जाड काळ्या केबलमधून तपकिरी, निळी, काळी आणि पांढरी अशा चार वायरी बटणाला जातात. प्लग लावलेला असताना केसमध्ये हात घालायचा नाही, बटण बंद असलं तरी नाही. बटणाच्या वायरी काढाव्या लागल्या तर आधी फोटो, मग काम. उलट जोडल्या तर भिंतीतला फ्यूजच जातो. सप्लायच्या मागे लहान लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे ना बघा. सामान हलवताना तो ११५ वर सरकला असेल तर बटण दाबल्याबरोबर स्फोटासारखा आवाज येतो आणि तिथेच खेळ संपतो.

सप्लाय बोर्डापासून सोडवून एकटा तपासा. इथे आपल्या टीव्हीवाल्यांची जुनी युक्ती सोन्यासारखी आहे: सिरीज दिवा. प्लगच्या एका वायरीत १०० वॅटचा तारेचा दिवा, एलईडी नव्हे, मधे घाला. चालू करताच दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भडक पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि त्या दिव्यानं तुमचा सप्लाय वाचवला. हे सप्लाय बिनभाराचे नीट चालत नाहीत; लाल आणि काळ्या वायरीवर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा लावा. पाच व्होल्टवर तो मंद पेटतो, पण साधारण एक अँपिअर ओढतो, तेवढा भार पुरतो. मग मोजा. लाल वायर ४.७५ ते ५.२५, पिवळी ११.४ ते १२.६. निळीवर उणे १२ आणि पांढरीवर उणे ५ च्या आसपास. नारिंगी वायर म्हणजे पॉवर गुड. सगळं स्थिर झालं की तिच्यावर पाच व्होल्ट येतात, आणि ते आले नाहीत तर बोर्ड रीसेटमध्येच अडकून मुका राहतो. सप्लायचा डबा तुम्ही स्वतः उघडू नका. २३० व्होल्ट सरळ केल्यावर आत सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.

डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घरातलं अर्थिंग तपासा. सप्लायच्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या डब्यावर निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. जुन्या कोकणी घरांत हा प्रकार मी खूप पाहिलाय, आणि दोष संगणकाचा समजून लोकांनी चांगले सप्लाय बदललेले पाहिलेत.

(तुमच्याकडे असेंबल्ड यंत्र आहे म्हणून एक त्रास वाचला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या संगणक-शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळाले होते, त्यांतला एखादा कुणाला अडगळीत सापडला तर सप्लायमधले पारदर्शक पिवळसर कवचाचे कपॅसिटर आधी बदला. त्यांना तडे जातात, दमट हवा आत शिरते आणि चालू केल्यावर दहा-वीस मिनिटांत खोलीभर घाणेरडा धूर होतो.)

सप्लाय बरा निघाला तर बोर्डाला जोडायच्या आधी आणखी एक मोजमाप. बोर्डावर बारा व्होल्टची पिन आणि ग्राउंड (काळ्या वायरीची पिन) यांच्यामधला रोध बघा. काही शे ओहमच्या वर हवा. शून्याजवळ आला तर टँटेलम कपॅसिटर शॉर्ट झालाय. ते पिवळे-नारिंगी, थेंबाच्या आकाराचे असतात, स्लॉटांच्या आसपास. बऱ्याचदा बारा आणि उणे बारा व्होल्टच्या रेघेवरचेच जातात. १६ व्होल्टचा निघाला तर जागी २५ व्होल्टचा बसवा, प्लसची खूण बघून. सप्लाय चालू करताच टिक करून बंद पडत असेल तर ९० टक्के हेच कारण. कधीकधी तो टिक न करता फटाक्यासारखा फुटतो, म्हणून पहिल्यांदा चालू करताना बोर्डावर वाकून बघू नका.

पी-८ आणि पी-९ असे दोन सहा-सहा पिनांचे कनेक्टर बोर्डाला जातात. दोन्हींच्या काळ्या वायरी मधे, एकमेकींना लागून. हे वाक्य मी शिकाऊ मुलांकडून पाठ करून घ्यायचो, कारण १९९२ साली मी स्वतः ते उलटे लावून मालकाचा नवाकोरा बोर्ड जाळला होता आणि तीन महिने पगारातून पैसे कापून घेतले होते. कनेक्टर दोन्ही बाजूंनी बसतो, कुणी अडवत नाही.

आता चालू करा, पण उघडाबोडका: बोर्ड, चार पट्ट्या रॅम, स्पीकर, डिस्प्ले कार्ड. बाकी सगळं बाहेर. जिस्ट कार्ड, डिस्क-फ्लॉपीचं आयडीई कार्ड, प्रिंटर पोर्ट, काहीही नको. अजून तीन बीप असतील तर पुन्हा बझर घेऊन रेघा. आठ बीप झाल्या तर खूश व्हा: मेमरी पास झाली, आता तक्रार डिस्प्ले कार्डाची आहे, ते दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा. सहा बीप म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर, म्हणजे परत बॅटरीचं गाव. अजिबात बीप नाही आणि व्होल्टेज ठीक, अशा वेळी बायोसच्या चाचणीचे (पोर्ट ८० चे) आकडे दाखवणारं ‘पोस्ट’ कार्ड कामाला येतं. स्वस्तात मिळणाऱ्या कार्डांना एका बाजूला आयएसए (तुमच्या बोर्डासारख्या जुन्या स्लॉटसाठी) आणि दुसऱ्या बाजूला पीसीआय (नंतरच्या स्लॉटसाठी) असतं. उलटं घातलं तर कार्ड आणि बोर्ड दोन्ही जातात.

पुढच्या पॅनेलवरचा ‘४०’ चा लाल आकडा बघून निदान करू नका. तो वेग मोजत नाही. मागे बारीक जंपर असतात, दुकानदार लावेल तो आकडा दिसतो. मी एका हौशी गिऱ्हाइकाला ९९ लावून दिला होता. पडद्यावर कीबोर्ड लॉक्ड असं आलं तर पॅनेलवरच्या गोल किल्लीचं कुलूप बंद आहे. किल्ली हरवली असणारच. बोर्डावरून कीलॉकची वायर काढली की झालं.

चित्र आलं की सीमॉस (तारीख-वेळ आणि सेटिंग साठवणारी चिप) बिघडल्याचा संदेश येईल. बॅटरीच नाही, दुसरं काय होणार. जुन्या जागी तशीच चार्ज होणारी बॅटरी पुन्हा बसवू नका. बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिना असतात. तिथे तीन पेन्सिल सेलचा डबा लांब वायरीनं जोडा आणि जवळचा जंपर बाहेरच्या बॅटरीवर करा. डबा केसच्या बाहेर चिकटवा, म्हणजे उद्या सेल गळले तरी बोर्डावर ठिपकणार नाहीत. चार पिना नसतील तर नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल चालतो, पण मधे १एन४१४८ डायोड हवाच. नाहीतर बोर्ड त्या सेलला चार्ज करू पाहील, आणि लिथियम सेलला ते मानवत नाही.

आता हार्ड डिस्क, आणि इथे मात्र सावकाश. सीमॉस पुसला गेल्यामुळे बायोसला डिस्कची मापं माहीत नाहीत. डिस्कच्या लेबलावर सिलिंडर, हेड आणि सेक्टर असे तीन आकडे असतात. माझ्याकडच्या एका ४० एमबी डिस्कवर ९७७, ५, १७ आहेत. ते बायोसच्या सेटिंगमध्ये डिस्कचा प्रकार ४७ निवडून हातानं भरा. एएमआयच्या त्या मेनूत ‘हार्ड डिस्क युटिलिटी’ नावाचा एक पर्याय दिसेल. त्यात जाऊ नका. मापं शोधून देणारं काहीतरी असेल असं वाटतं, पण आत लो-लेव्हल फॉरमॅट आहे. आयडीईच्या आधीच्या एमएफएम डिस्कसाठी ते होतं. वडिलांचा वृत्तांत तिथे एका एंटरवर जाईल. आकडे चुकले तर डिरेक्टरी अर्धवट किंवा कचऱ्यासारखी दिसते. घाबरू नका, पण त्या अवस्थेत दुरुस्तीची कुठलीही आज्ञा देऊ नका. चेकडिस्क वगैरे काही नाही. आकडे बरोबर करा आणि पुन्हा बघा.

डिस्क फिरतच नसेल तर बहुधा डोकं तबकडीला चिकटलंय. चालू करताना डिस्क हातात आडवी धरून, मनगटानं तबकडीच्याच दिशेत एक झटकेदार वळसा द्या. आपटायचं नाही, ठोकायचं नाही. फिरली तर तो दिवस कॉपीचा, कौतुक नंतर.

कॉपीसाठी यूएसबीचं आयडीई अडॉप्टर बहुतेक चालणार नाही. असे अडॉप्टर एलबीए (प्रत्येक सेक्टरला एकच क्रमांक) पद्धत मागतात, आणि १९९३ च्या लहान डिस्का फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर जाणतात. अडॉप्टरनं ओळखली नाही म्हणून डिस्क मेली असं ठरवून फेकणारे लोक मी पाहिलेत. आयडीई पोर्ट असलेला एखादा पेंटियम-थ्री गाठा, त्यावर लिनक्स चालवून डीडीरेस्क्यूनं पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर करा. तसा बोर्ड नाहीच मिळाला तर ३८६ मधूनच सिरियल पोर्टनं, नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी) लावून, दुसऱ्या डॉस यंत्रावर फायली नेता येतात. एमएस-डॉस ६ मध्ये त्यासाठी इंटरलिंक आहे. हळू चालतं, पण ४० एमबी म्हणजे आजच्या हिशेबात चार फोटो.

फ्लॉपी ड्राइव्ह घाईनं वापरू नका. तोंडातून टॉर्च मारा. कुंभारीण माशीला ५.२५ इंचाची फट फार आवडते, आणि तिचं मातीचं घर मी दोन-तीन ड्राइव्हमधून कोरून काढलंय. फ्लॉपी किंचित फिरवून बघा, तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालायची नाही. एक बुरशीची फ्लॉपी डोकं खराब करते आणि मग ते डोकं पुढच्या दहा चांगल्या फ्लॉप्या ओरखडतं. ड्राइव्हचा दिवा सतत जळत राहिला तर केबल उलटी आहे, बाकी काही नाही. आणि वाचायच्या आधी राइट-प्रोटेक्ट करा: ५.२५ ला खाचेवर चिकटपट्टी, ३.५ ला खिडकी उघडी. त्या काळच्या निम्म्या फ्लॉप्यांत बूट व्हायरस असायचे. १९९० मध्ये आपल्याकडेच सापडलेला जोशी नावाचा व्हायरस ५ जानेवारीला यंत्र अडवून जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायला लावायचा. तेव्हा सेटिंगमध्ये तारीख घालताना सहज म्हणून ५ जानेवारी घालू नका.

शेवटची अडचण फायली हातात आल्यावरची, आणि तिथे पुष्कळ लोक हताश होतात. आजच्या संगणकावर त्या उघडल्या की मराठीऐवजी निरर्थक चिन्हांचा कचरा दिसेल. फाइल खराब झालेली नाही. जिस्ट तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये जन्मलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं घरोघरी, म्हणजे कार्यालयोकार्यालयी नेलं. त्यातला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या प्रमाण संकेतानं साठवलेला असतो. इंग्रजी अक्षरं जिथल्या तिथे आणि देवनागरी १६१ ते २५० या आकड्यांत. क म्हणजे १७९, हलन्त म्हणजे २३२. क्ष हा क, हलन्त, ष असाच, उच्चाराच्या क्रमानं लिहिलेला. युनिकोडचा क्रम याच घडणीवर बेतलेला असल्यामुळे रूपांतर जवळजवळ सरळ होतं. शंभर ओळींच्या पायथन प्रोग्रॅमचं काम आहे, मी कित्येकांना करून दिलंय. वडिलांनी पुढे विंडोजवर एखाद्या फॉन्ट पॅकेजात काही लिहिलं असेल तर ते वेगळं प्रकरण: तिथे अक्षरांचे तुकडे साठवलेले असतात, प्रत्येक फॉन्टला निराळा तक्ता लागतो. हिशेब डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये असतील तर डीबीएफ फाइल लिब्रेऑफिस उघडतं. रकमा नीट दिसतील, नावं तेवढी इस्कीतून बदलायची.

बॅटरीच्या परिसराचा, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा, उजेडात काढलेला फोटो पाठवा. कुठल्या रेघेपासून सुरुवात करायची ते त्यावर खुणा करून सांगतो.